अठ्ठ्याहत्तरपासून ज्ञपर्यंत : एका नोंदवहीची अकारविल्हे फेरी

दिवाळीच्या आधी घराघरांतले माळे उतरवले जातात. मिरजेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्या आठवड्यात भंगारवाल्याची हातगाडी उभी असते. जुन्या बादल्या, फुटके स्टोव्ह आणि वह्या-पुस्तकांच्या गठ्ठ्यांमध्ये कॅसेटींनी भरलेले एखादे खोके हमखास असते. गेली अनेक वर्षे मी त्या गाडीपाशी उभा राहतो. भंगारवाला मला ओळखतो आणि खोके आधीच बाजूला काढून ठेवतो. किलोच्या भावाने घेतो मी.

हा नाद वडिलांकडून आला. अण्णांचा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. लग्न, बारसे, गणपती, उरूस, निवडणुकीची सभा, कुठेही ते सायकलला कर्णे बांधून जात. ते गेले तेव्हा माझ्या वाट्याला पत्र्याच्या तीन ट्रंका आल्या. एकीत लाखेच्या तबकड्या, दुसरीत एलपी आणि थोडे स्पूल, तिसरीत कॅसेटी. मी पेशाने हिशेबनीस. संगीताचे शिक्षण शून्य. ताल मोजता येतो, राग ओळखताना आजही चुकतो. पण हिशेबनिसाला पसारा दिसला की खातेवही सुचते. मी एक वही आखली आणि तीन रकाने केले : वाद्य, शैली, माध्यम. माध्यम म्हणजे सूर ज्या वस्तूवर साठवला ती वस्तू. नोंदी अकारविल्हे लावायच्या, म्हणजे थोर-लहान असा प्रश्नच उरत नाही. वर्णमालेत ख्यालाच्या आधी कॅसेट येते आणि तंबोऱ्याच्या आधी ढोलकी.

महिन्याभरात रकाने डगमगू लागले. कोणते गाणे किती लांबीचे, कोणत्या वाद्याच्या साथीने आणि कोणाच्या आवाजात उरले, याचा निर्णय गायकाइतकाच त्या वस्तूने घेतलेला दिसू लागला. तीन रकाने वेगळे नव्हतेच. त्या वहीतल्या काही नोंदी इथे देतो. सगळी अक्षरे सारखी भरलेली नाहीत. जिथे सांगण्यासारखे आहे तिथे थांबतो.

अ : अठ्ठ्याहत्तर

मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी. अण्णा तिला नुसते ‘अठ्ठ्याहत्तर’ म्हणत, म्हणून नोंद ‘अ’मध्ये. तिच्यात मुख्य द्रव्य लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांनी तयार केलेली ही लाख जगाला मुख्यतः भारतातूनच जाई. तिच्यात खनिजांची पूड मिसळून तबकडी दाबून काढत. हातातून पडली की बशीसारखी फुटते. पोलादी पिन एक बाजू वाजली की बदलायची. अण्णांच्या ट्रंकेत पिनांच्या डब्या अजून आहेत, गंजलेल्या.

१९०२मध्ये फ्रेड गायसबर्ग हा ध्वनिमुद्रक कोलकात्यात आला. गौहरजान यांचे गाणे त्याने तेव्हाच मुद्रित केले. मुद्रण इथे आणि तबकड्यांची छपाई जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावे म्हणून गाण्याच्या शेवटी गायिका आपले नाव उच्चारत. १९०८मध्ये कोलकात्यात सियालदहला कारखाना सुरू झाला आणि तबकड्या इथेच निघू लागल्या.

दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. मैफलीत तासभर चालणारा ख्याल त्यात बसायचा कसा? विलंबित जवळजवळ गेला, आलाप दोन-चार फिरतींचा उरला, द्रुत चीज आणि ताना पुढे आल्या. जुन्या गवयांच्या तबकड्या ऐकून ‘ही मंडळी फार घाईने गात’ असे कोणी म्हटले की मी वहीतली ही नोंद दाखवतो. ती घाई गवयाची नव्हती, तबकडीच्या शेवटच्या चऱ्याची होती.

आ : आकाशवाणी

ही वस्तू नव्हे, तरी माध्यम आहेच. १ एप्रिल १९५५पासून पुणे केंद्रावर ‘गीतरामायण’ सुरू झाले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. वर्षभर चाललेल्या या मालिकेत ५६ गाणी झाली. हे काव्य एकटाकी लिहून मग गायले गेलेले नाही. पुढच्या प्रसारणाची वेळ ठरलेली, त्याआधी गाणे तयार हवे, या चक्राने ते घडवले. रामकथा घरोघरी होतीच. तिला गाण्या-गाण्यांत तोडून श्रोत्याला पुढच्या भागाची वाट पाहायला लावण्याचे काम नभोवाणीच्या वेळापत्रकाने केले.

ए : एलपी

मिनिटाला ३३⅓ फेरे, १९४८ सालचा अमेरिकी शोध, प्लास्टिकची न फुटणारी तबकडी. एका बाजूला वीसेक मिनिटे मिळाली आणि ख्यालाला श्वास घेता आला. किशोरी आमोणकरांच्या ज्या एलपीवर एका बाजूला भूप आणि दुसरीला बागेश्री आहे, ती माझ्या वहीत ‘ख्याल’ आणि ‘एलपी’ अशा दोन्ही ठिकाणी आहे. कारण अशा संथ मांडणीचा भूप अठ्ठ्याहत्तरवर येणे शक्यच नव्हते. मात्र एलपी महाग होती आणि तिला लागणारे यंत्रही महाग. लांब गाण्याची सोय झाली ती आधीच मान मिळालेल्या गाण्यांची. जोगतिणीच्या किंवा गोंधळ्याच्या रात्रभराच्या गाण्याला वीस मिनिटे द्यावीत, असे कोणाला फारसे वाटले नाही.

ओ : ओवी

ओवीचे वाद्य कोणते? मी बराच काळ त्या रकान्यात रेघ मारून ठेवली होती. मग एक दिवस ती खोडून लिहिले : जाते. दोन दगडांची घरघर हा तिचा अखंड सूर. खुंटा ओढताना येणारा हिसका हा तिचा ठेका. दोघी समोरासमोर बसल्या की एकीने उचललेली ओळ दुसरी धरते. आणि लांबी? दळण संपेपर्यंत. ओवीची लांबी सुपातल्या धान्यावर ठरे. तबकडीच्या तीन मिनिटांपेक्षा हे माप कितीतरी उदार होते.

गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रणही केले. आज तो ठेवा ‘पारी’ या संग्रहात ऐकायला मिळतो. पण हे काम सुरू झाले तेव्हा पिठाच्या गिरण्या गावात पोहोचल्या होत्या. जाते थांबले की ओवी विसरायला एक पिढी पुरते.

माझी आईही जात्यावर गाई. तिची नोंद ‘कॅसेट’मध्ये येईल.

क : कर्णा

या एका शब्दाने माझे तिन्ही रकाने मोडले. कर्णा म्हणजे देवळात आणि मिरवणुकीत फुंकायचे लांब सरळ तोंडाचे वाद्य. कर्णा म्हणजे ग्रामोफोनचा फुलासारखा उमललेला भोंगा. आणि कर्णा म्हणजे अण्णांच्या सायकलला बांधलेला लाउडस्पीकर. मराठी माणसाने या तिन्हींत फरक केला नाही आणि त्याचे बरोबरच होते. आवाज अरुंद तोंडातून रुंद तोंडाकडे नेऊन मोठा करायचा, हे तिन्हींचे काम एकच.

सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणात हाच कर्णा उलटा वापरत. वीज नाही, मायक्रोफोन नाही. गायकाने भोंग्याच्या तोंडाशी वाकून जोरात गायचे. आवाजाच्या धक्क्याने पातळ पडदा हले आणि त्याला जोडलेली सुई मेणावर चरा कोरत जाई. भोंग्याला चढा, टोकदार आवाज चांगला पकडता येई. तंबोऱ्याची आस त्यात विरून जाई, म्हणून शेजारी पेटी बसवत. जुन्या तबकड्यांत पेटी इतकी पुढे का, याचे एक उत्तर इथे आहे. १९२५नंतर विजेवरचे ध्वनिमुद्रण आले आणि हळू आवाजालाही जागा मिळाली. त्याचा परिणाम ‘भावगीत’मध्ये पाहा.

क : कॅसेट

फिलिप्स कंपनीने १९६३मध्ये आणलेली. आत जेमतेम चार मिलिमीटर रुंदीची फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी. आपल्याकडे तिचा सुकाळ झाला तो ऐंशीच्या दशकात, आणि त्याने जे झाले ते आधी कधीच झाले नव्हते. तबकडी काढायला कारखाना लागे, म्हणून काय निघावे हे एक-दोन मोठ्या कंपन्या ठरवत. कॅसेट काढायला एका खोलीतली दोन-चार यंत्रे पुरत. तालुक्याच्या गावात ध्वनिमुद्रण होऊ लागले आणि एसटी स्टँडजवळच्या टपरीवर ते विकले जाऊ लागले. यल्लम्माची गाणी, खंडोबाचे जागरण, भारुडे, कव्वालीचे मुकाबले, भीमगीते, तमाशातल्या बतावण्या. मराठी माणूस प्रत्यक्षात काय ऐकतो याची पहिली खरी यादी कॅसेटने तयार केली. ती यादी कोणी लिहून मात्र ठेवली नाही. तबकड्यांचे निदान कंपन्यांचे कॅटलॉग होते. या कॅसेटींवर पुष्कळदा साल नसते, गावाचे नाव नसते, साथीदार कोण हे नसते. ‘भाग ३’ असे छापलेले असते आणि भाग १, २ कुठेच सापडत नाहीत.

कॅसेटची दुसरी नवलाई म्हणजे ती ऐकणाऱ्यालाही मुद्रण करू देई. १९८४ साली अण्णांनी घरात कॅसेट-रेकॉर्डर आणला. थोरल्या बहिणीच्या लग्नाची हळद घरच्या जात्यावर दळायची होती. आई, मावशी आणि शेजारच्या दोघी बसल्या. अण्णांनी खांबाला माइक बांधला आणि ३० मिनिटांची एक बाजू भरून घेतली. वर नाव लिहायचे राहिले.

कॅसेटच्या मागच्या कडेला दोन लहान टिकल्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा मुद्रण होत नाही. अण्णांनी त्या मोडल्या नव्हत्या. मी पंधरा वर्षांचा होतो. एका रविवारी रेडिओवर सिनेमाची गाणी लागली होती, कोरी कॅसेट शोधली तर हाताला तीच लागली.

ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. निवेदकाचे बोलणे गाळण्यासाठी मी मध्येच यंत्र थांबवून फीत थोडी पुढे ढकलली होती, म्हणून दोन गाण्यांच्या मध्ये ११ सेकंद वाचले आहेत. त्यात जात्याची घरघर आहे. शेवटी कोणीतरी ओवी उचलण्यासाठी श्वास घेते आणि लगेच सिनेमाचे संगीत सुरू होते. तो श्वास आईचा की मावशीचा, हे मला सांगता येत नाही. आई त्यानंतर बारा वर्षे होती. पुन्हा मुद्रण करून घ्यावे, हे घरातल्या कोणाच्याही मनात आले नाही.

ग, घ : गोंधळ, घुमट

गोंधळ : पाहा संबळ.

घुमट हे गोव्याचे. मातीचे मडके, दोन्ही बाजूंनी तोंडे. मोठ्या तोंडावर कातडे आणि लहान तोंड उघडे. उजव्या हाताने वाजवायचे, डाव्या तळव्याने लहान तोंड झाकत-उघडत आवाज वळवायचा. देवळातल्या आरतीत ते असते आणि ख्रिस्ती घरातल्या मांडोतही. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बंद होणे प्राप्तच होते आणि बकऱ्याचे कातडे आले. २०१९मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. जुने आणि नवे घुमट एकाच चालीत ऐकले तर फरक कळतो, पण त्यासाठी जुने मुद्रण हाताशी हवे.

च : चौंडके

यल्लम्माच्या जोगत्यांचे वाद्य. लाकडी नळकांडे, त्याच्या एका तोंडावर कातडे, त्यातून निघालेली तार. नळकांडे काखेत धरायचे, एका हाताने तार ताणायची, दुसऱ्याने छेडायची. ताण कमी-जास्त केला की सूर वर-खाली होतो. ‘डुंग’ असा बोलका आवाज. माझ्याकडच्या तबकड्यांत चौंडके एकाही ठिकाणी नाही, कॅसेटींत मात्र डझनभर आहे. वाद्य शतकानुशतके वाजतच होते. ते माध्यमापर्यंत पोहोचले तेव्हा तबकड्यांचा काळ संपलेला होता.

ठ : ठुमरी

आमच्या मिरजेत ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीमखाँ यांची कबर आहे. दर वर्षी उरसात गवई येऊन हजेरी लावतात. १९३७मध्ये ते गेले. त्यांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची तबकडी अण्णांच्या ट्रंकेतली सर्वांत झिजलेली. काही ठिकाणी सुरांपेक्षा खरखर जास्त. ठुमरीला तीन मिनिटे मानवली. एक भाव, एक ओळ, तिच्याभोवती चार वळणे. ख्यालावर तबकडीने अन्याय केला असेल, ठुमरीवर नाही. बैठकीत जी ख्यालानंतर यायची ती बाजारात बरोबरीने उभी राहिली.

त : तंबोरा, तारपा, तुणतुणे

तंबोरा म्हटला की मिरज सोडून पुढे जाता येत नाही. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले कारागीर एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले आणि सितारमेकर झाले. भोपळे पंढरपूरच्या बाजूने, भीमेच्या काठाहून येतात. वर्षानुवर्षे वाळवलेला भोपळाच चालतो. जवारी काढणे हे सगळ्यांत नाजूक काम. तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा कानसीने इतका हलका गोल करायचा की तारेने घोडीला चाटत जावे. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. ती जागा सापडली की एका तारेतून अनेक सूर उमलतात. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आता रियाजाला इलेक्ट्रॉनिक तंबोरा असतो आणि मोबाइलमध्येही. सोय मोठी आहे, नाकारत नाही. पण भोंग्याच्या काळात ज्याला पकडता आले नाही, तोच तंबोरा आता यंत्रातून ऐकू येतो आणि कारागिराच्या दुकानात गिऱ्हाईक कमी, असा हा उलटा हिशेब आहे.

तारपा वारल्यांचा. वाळवलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे मेणाने बुजवलेले. वाजवणारा मध्ये, नाचणारे त्याच्याभोवती. वारली चित्रांत तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. चित्र घराघरांच्या भिंतीवर गेले, आवाज मात्र बहुतेकांनी ऐकलेला नसतो.

तुणतुणे शाहिराच्या मागे उभे. एक तार, एक सूर. ‘तेच तुणतुणे’ म्हणून भाषेने त्याची चेष्टा केली. पण सूर हलू न देणे हेच त्याचे काम आहे. तंबोरा बैठकीत जे करतो, तेच ते फडावर उभ्याने करते.

न : नाट्यसंगीत

१८८०मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने सुरुवात झाली. बालगंधर्वांच्या काळात पद आणि ‘वन्समोअर’ यांनी रात्री जागत. रंगमंचापुढे ऑर्गन, सारंगी आणि अहमदजान थिरकवाँ यांचा तबला. तबकडीवर याच पदाची तीन मिनिटे आली. पुढच्या पिढीने नाटक पाहिले नाही, तबकडी ऐकली. आज हौशी गायक नाट्यपद गातो तेव्हा अनेकदा तो तबकडीवरची आवृत्ती जशीच्या तशी गातो, शेवटची घाईची तिहाईसुद्धा. तबकडी ही नोंद होती, ती मूळ प्रत झाली.

प : पेटी, पोवाडा

युरोपात १८४०च्या दशकात जन्मलेले हार्मोनियम पायाने भाता मारून वाजवत. इथे माणूस जमिनीवर बसून गातो, म्हणून कोलकात्याच्या कारागिरांनी हाताचा भाता केला. आपण तिला पेटी म्हटले आणि ती आपलीच झाली. कीर्तन, भजन, तमाशा, नाटक, सगळीकडे गेली. तिचे सूर पक्के ठरलेले, एका पट्टीवरून दुसरीवर मींड घेता येत नाही, हा तिच्यावरचा आरोप खराच आहे. याच कारणाने १९४०मध्ये नभोवाणीने तिला बंदी केली. ही बंदी १९७०च्या सुमारास सैल होऊ लागली. म्हणजे तीसेक वर्षे हिंदुस्थानातल्या सर्वांत मोठ्या श्रोतृगृहात पेटीला दार बंद होते. त्याच काळात महाराष्ट्र-गोव्यात गोविंदराव टेंबे यांच्यामागून पी. मधुकर, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर असे वादक मोठे झाले. बंदी नभोवाणीवर होती, भजनी मंडळावर नव्हती.

पोवाड्याचे माप मात्र माध्यमांना कधी जमलेच नाही. अफझलखानाच्या वधावरचा अगिनदासाचा पोवाडा शिवकालातला. डफ आणि तुणतुण्यावर, मागे झीलकरी ‘जी जी’ करत, तास-दीड तास चालणारा हा प्रकार. तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून सहा-साडेसहा मिनिटे. शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांनी हजारोंच्या सभा हलवल्या, त्यातले यंत्रावर आले ते मूठभर. पोवाड्यात जमाव हाही साथीदार असतो. त्याच्यासाठी माझ्या वहीत रकानाच नाही.

भ : भावगीत, भीमगीत

दोन्ही शेजारी आले, वर्णमालेची कृपा.

भावगीत हे मायक्रोफोन आणि तबकडी यांचे अपत्य. हळुवार, कानाशी बोलल्यासारखे गायचे तर आधी हळू आवाज मुद्रित व्हायला हवा. तो तिशीच्या दशकात होऊ लागला होता. एक कविता, तीन मिनिटे, एक भाव. जी. एन. जोशी यांनी ही वाट पाडली आणि पुढे तेच ध्वनिमुद्रण कंपनीत अधिकारी झाले. गजानन वाटवे, सुधीर फडके यांनी तिचा राजरस्ता केला. मध्यमवर्गीय मराठी घरात गाणे म्हणजे हे, असे ठरून गेले.

भीमगीत त्याच दशकांत जलशांतून आणि सभांतून वाढत होते. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव फिरून गात होते. त्यांची गाणी लोकांच्या तोंडी आणि हाताने लिहिलेल्या वह्यांत राहिली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज कॅसेटमुळे घराघरांत शिरले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांशेजारी कॅसेटींचे ढीग लागत आणि माणसे खिचडीचे पैसे वाचवून त्या नेत. दोन्ही प्रकार गेय, दोन्हींना शब्द महत्त्वाचा. एकाचा इतिहास सालवार लिहिता येतो, दुसऱ्याचा लिहायचा तर मला भंगारवाल्याच्या गाडीपाशी उभे राहावे लागते.

ल : लावणी

बैठकीची लावणी हा अदेचा खेळ. एकच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी वेगळ्या अर्थाने. डोळा, भुवई, हात सगळे त्यात. यमुनाबाई वाईकरांना ज्यांनी समोर बसून ऐकले, ते ओळी सांगत नाहीत, ओळ कशी फिरवली ते सांगतात. सिनेमाच्या लावणीला तेवढा वेळ नव्हता. तिने ढोलकीचा ठसका आणि आवाजातला नखरा उचलला. सुलोचना चव्हाणांनी तो गळ्याने असा उभा केला की अदा दिसू लागली. हे मोठेच काम आहे. पण बैठकीची लावणी तिच्या जागी वेगळीच राहिली आणि तिचे लांबलचक मुद्रण फार थोडे आहे.

स : संबळ, सोन्याची तबकडी

संबळ म्हणजे दोन वाद्यांची जोडी, एक चढे आणि एक घुमणारे. कमरेला बांधून दोन काठ्यांनी वाजवायचे, त्यातली एक टोकाला वाकडी. तुळजाभवानीचा गोंधळ त्याच्याशिवाय उभा राहत नाही. लाउडस्पीकरच्या कर्ण्यातून संबळ नेहमी फाटे. अण्णा म्हणत, “गोंधळ असला की माइक दोन हात लांब ठेवायचा.” त्यांचे सगळे ध्वनिशास्त्र अशा वाक्यांत होते.

सोन्याची तबकडी मात्र माझ्याकडे नाही, फक्त नोंद आहे. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची बारा इंची तबकडी पाठवली, मिनिटाला १६⅔ फेऱ्यांची, सोबत सुईसकट. तिच्यावर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, सुमारे साडेतीन मिनिटांची. पुन्हा तेच माप! याने निघाली त्याच वर्षी, १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. २०१२मध्ये व्हॉयेजर-१ ताऱ्यांमधल्या अवकाशात पोहोचले.

ळ

या अक्षराने मराठीत शब्द सुरू होत नाही. पण टाळ, संबळ, गोंधळ यांचा शेवट याच्यावर होतो. नोंद कोरी ठेवली आहे.

ज्ञ : ज्ञात

केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँ. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर दरबारचे गवई, जयपूर घराण्याचे प्रवर्तक. १९४६मध्ये वारले. म्हणजे हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर ते ४४ वर्षे होते. त्यांचा आवाज मात्र कोणत्याही तबकडीवर नाही. शिष्येचा सूर ताऱ्यांच्या वाटेवर आहे, गुरूचा पृथ्वीवरही नाही. तो ज्ञात आहे तो केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गळ्यांतून.

अल्लादियाखाँना निदान असे गळे मिळाले. जोगतीण, झीलकरी, जात्यावरची बाई यांच्या मागे शिष्यपरंपरा लिहिलेली नसते. त्यांच्यापुरते ‘ज्ञात’ म्हणजे जे फितीवर उरले तेवढेच. आणि फीत थकते. बुरशी धरते, चिकटते, थरांतला आवाज शेजारच्या थरात उमटतो. बऱ्याच कॅसेटी आता चाळीशीच्या घरात आहेत.

म्हणून माळा उतरवताना एवढे करा. कॅसेटवर नाव नसेल तर फेकू नका. नाव नसलेलीच बहुधा घरची असते. मागच्या दोन टिकल्या आधी मोडा. बुरशी दिसली तर लगेच वाजवू नका, यंत्र आणि फीत दोन्ही बिघडतात. आधी कोरड्या कापडाने पुसून काही दिवस कोरड्या जागी ठेवा. मग एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. वाजली तर दुसरी प्रत काढा आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला शेजारी बसवून ऐका. कोण गाते, कुठले गाव, कोणाचे लग्न, जे सांगतील ते चिठ्ठीवर लिहून खोक्यात घाला. ही चिठ्ठी कॅसेटइतकीच मोलाची.

माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे. शैली : ओवी. वाद्य : जाते. माध्यम : कॅसेट, ३० मिनिटांपैकी ११ सेकंद. साल : १९८४. गायिका : आई किंवा मावशी. थोरली बहीण यंदा भाऊबीजेला येणार आहे. तो श्वास तिला ऐकवायचा आहे. लग्न तिचे होते, तिला कदाचित ओळखता येईल.